उस्मानियात का शिकायचं?

(नारायणगुडा, हैदराबाद इथं सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण. बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे.)



औराद, भालकी, बसवकल्याण, देगलूर, उदगीर, किनवट, आदिलाबाद, बोधन. मघाशी तुम्ही आपापली गावं सांगत होतात तेव्हा मी मनात मोजत होते. तीन राज्यांतली मुलं-मुली या एका खोलीत बसलीत, आणि सगळ्यांची मराठी एकमेकांना कळते. काहींच्या बोलण्यात कन्नडचा हेल आहे, काहींच्या तेलुगूचा, आणि थोडी दखनी तर आपल्या सगळ्यांच्याच तोंडात आहे. मी स्वतः औराद तालुक्यातली. इथं उस्मानिया विद्यापीठात इतिहासात एम.ए. केलं आणि आता जुन्या उर्दू महसुली कागदांचं मराठीत भाषांतर करून देते. त्यावरच माझं घर चालतं.

मला विषय दिलाय, 'उस्मानिया विद्यापीठात का शिकावं'. आधी जरा ज्या जागेत आपण बसलोय तिच्याबद्दल बोलू. नारायणगुड्यात तुम्ही आलात तेव्हा 'केशव मेमोरियल' ही पाटी कुठं ना कुठं वाचली असेल. शाळा आहे, कॉलेजं आहेत. यातले केशव कोण? केशवराव कोरटकर. मूळचे परभणीकडचे, मराठी माणूस. १८६७ साली जन्मले, वकील झाले, हैदराबादच्या हायकोर्टात न्यायमूर्ती झाले, आर्य समाजाचे पुढारी होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हैदराबादेत 'विवेकवर्धिनी' ही मराठी शाळा उभी राहिली, तिच्या संस्थापकांतही ते होते. १९३२ साली ते गेले. १९४० साली त्यांच्या मुलाने, बॅरिस्टर विनायकराव विद्यालंकारांनी, वडिलांच्या नावाने इथं शाळा काढली. हेच विनायकराव पुढं हैदराबाद राज्याचे अर्थमंत्री झाले. म्हणजे ज्या शहराला आपण 'परकं' म्हणून नाकं मुरडतो, तिथल्या एका अख्ख्या भागात मुलं रोज आपल्या माणसाच्या नावाच्या फाटकातून आत जातात. बहुतेकांना ते कोण होते हे ठाऊक नाही. आपल्यालाही नाही, ही खरी अडचण.

आता विषयाकडं येते.

मोठ्या आणि जुन्या विद्यापीठात का शिकायचं असं विचारलं की पहिलं उत्तर येतं, 'नाव आहे.' लग्नपत्रिकेत छापायला, नोकरीच्या अर्जात लिहायला बरं पडतं. नाव लागतं, खोटं कशाला बोलू. पण नुसत्या नावासाठी येणार असाल तर दुसऱ्या वर्षी कंटाळाल. नाव तुम्हाला मुलाखतीच्या दारापर्यंत नेतं. आत बसलेला माणूस विचारतो ते तुम्हाला काय येतं.

माझं कारण वेगळं आहे. उस्मानियावर सीमाभागातल्या मुलांचा हक्क आहे, आणि तो आपण न वापरता सोडून दिलाय. हे मी भावनेच्या भरात बोलत नाही, याला इतिहास आहे. तो थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही.

१९१७ साली सर अकबर हैदरींनी निजामाकडं एक टिपण पाठवलं. म्हणणं असं की उच्च शिक्षण इंग्रजीतून न देता इथल्या भाषेतून द्यावं. २६ एप्रिल १९१७ ला सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचं फर्मान निघालं. १९१८ साली विद्यापीठ स्थापन झालं आणि १९१९ च्या ऑगस्टमध्ये बशीरबागेतल्या एका इमारतीत वर्ग सुरू झाले. विद्यार्थी २२५, शिक्षक २५. माध्यम उर्दू. तेव्हा मुंबई, कलकत्ता, मद्रास ही विद्यापीठं साठ वर्षांची झाली होती आणि तिथं शिकवणं इंग्रजीतून चालायचं. इथं मात्र गणित, रसायन, कायदा, पुढं वैद्यक आणि इंजिनिअरिंगसुद्धा एका भारतीय भाषेतून शिकवायचं ठरलं. पुस्तकंच नव्हती, मग भाषांतराचं वेगळं खातं काढलं, 'दारुल तर्जुमा'. शेकडो पुस्तकं उर्दूत आणली, एकेका शास्त्रीय शब्दासाठी समित्या बसल्या. 'मातृभाषेतून विज्ञान शिकवता येत नाही' असं कुणी म्हणालं तर त्याला हे उदाहरण द्या.

पण नाण्याची दुसरी बाजूही बघा. ही उर्दू कुणाची मातृभाषा होती? निजामाच्या राज्यात साधारण निम्मे लोक तेलुगू बोलणारे, चौथा हिस्सा मराठी, त्यानंतर कन्नड. उर्दू घरात बोलणारे थोडे. म्हणजे राज्यातल्या बहुतेक मुलांना इंग्रजीच्या जागी दुसरी परकी भाषा मिळाली. परभणीच्या, बीदरच्या, करीमनगरच्या शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्यावर विद्यापीठ उभं राहिलं आणि त्याच शेतकऱ्याच्या पोराला तिथं शिकायला घरची भाषा बाजूला ठेवावी लागली. देशी भाषेचा मान आणि देशी भाषांवरचा अन्याय, दोन्ही एकाच फर्मानातून आले. सीमाभागातल्या माणसाला हे समजायला फार वेळ लागत नाही. भाषेच्या नावाने चांगलं काम कसं होतं आणि त्याच नावाने दुसऱ्याची भाषा कशी दाबली जाते, हे आपण घरबसल्या बघतो.

तरी आपली मुलं तिथं गेली. १९३८ च्या शेवटी वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यावर बंदी आली. मुलांनी ऐकलं नाही. शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले, औरंगाबादच्या कॉलेजातही हेच झालं. मराठी, तेलुगू, कन्नड, तिन्ही भाषांची मुलं त्यात होती. मधेच शिक्षण तुटलेल्या या मुलांना नागपूर विद्यापीठाने दार उघडलं, तिथले कुलगुरू होते टी. जे. केदार. पुढं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या काढून टाकलेल्या मुलांपैकीच एक. त्या पोरांनी विद्यापीठाशी भांडण केलं ते शिक्षण नको म्हणून केलं नाही. शिक्षण हवंच होतं, म्हणून तर मिळेल त्या गाडीने नागपूर गाठलं.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर राज्य भारतात आलं, उस्मानियाचं माध्यम इंग्रजी झालं. आणि १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ होईपर्यंत मराठवाड्यातल्या कॉलेजांचं विद्यापीठ उस्मानियाच होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं तेही सुरुवातीला उस्मानियाला जोडलेलं. १२ जानेवारी १९५३ ला याच विद्यापीठाने बाबासाहेबांना डी.लिट. दिली. शंकरराव चव्हाणांनी कायदा इथं शिकला. चाकूरचे शिवराज पाटील विज्ञान शिकायला इथंच आले. तुमच्या आजोबांच्या पिढीत कुणी पदवीधर असेल तर घरातली जुनी पेटी उघडून बघा. प्रमाणपत्रावर उस्मानियाचा शिक्का निघण्याची शक्यता बरीच आहे.

मग १ नोव्हेंबर १९५६ आला. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात, बीदर-गुलबर्गा-रायचूर म्हैसूर राज्यात, तेलंगणा आंध्रात. आमचं औराद एका बाजूला, देगलूर दुसऱ्या, आणि दोघांचं जुनं विद्यापीठ तिसऱ्याच राज्यात.

याच्याशी ताडून बघण्यासारखी गोष्ट बेल्जियममध्ये घडली. लुव्हेनचं विद्यापीठ १४२५ सालचं. डच बोलणारे आणि फ्रेंच बोलणारे यांच्या वादात १९६८ साली त्याचे दोन भाग करायचं ठरलं. फ्रेंचवाल्यांनी थोड्या अंतरावर नवं गावच वसवलं आणि तिथं आपलं विद्यापीठ नेलं. ग्रंथालयसुद्धा वाटलं, पुष्कळशी पुस्तकं सम-विषम क्रमांक बघून. वेडेपणा वाटतो ना? पण निदान वाटणी झाली, दोघांच्याही पदरात काही पडलं. आपल्याकडं वाटणीच झाली नाही. ग्रंथालय, दफ्तरखाना, जुने कागद, सगळं हैदराबादेत राहिलं आणि आपण आपापल्या नव्या राजधानीकडं तोंड करून बसलो. कुणी मुंबईकडं, कुणी बंगळूरकडं. आणि तिथं आपण सगळ्यात शेवटचे. सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

तर पहिलं कारण, आपले कागद.

विद्यापीठाला लागूनच तारनाका आहे. तिथं राज्य अभिलेखागार आहे. मुघल काळापासूनचे फारसी कागद आहेत, निजामाच्या काळातले उर्दू कागद आहेत. अफझलगंजला जुनं आसफिया ग्रंथालय आहे, १८९१ सालचं, आता त्याला राज्य मध्यवर्ती ग्रंथालय म्हणतात. विद्यापीठाच्या आवारातच 'दाइरतुल मआरिफ' ही अरबी हस्तलिखितं छापणारी संस्था आहे, १८८८ सालची. हे सगळं एकमेकांपासून एका बसच्या अंतरावर.

याचा आपल्याशी काय संबंध? गेल्या दोन-तीन वर्षांतच बघा. मराठा आरक्षणाच्या प्रश्नात कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तिला हैदराबादला यावं लागलं. २ सप्टेंबर २०२५ ला महाराष्ट्र सरकारने हैदराबाद गॅझेटबद्दलचा शासन निर्णय काढला. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, माझा मुद्दा वेगळा आहे. लाखो लोकांच्या आयुष्याचा प्रश्न हैदराबादच्या कागदांपाशी येऊन थांबला, आणि ते कागद वाचणारी आपली माणसं मोजकी निघाली. गावोगाव उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. ज्यांना वाचता येत होतं त्यांतले बरेच जण सत्तरीच्या पुढचे.

माझ्या घरातलंच सांगते. नात्यातल्या एका आजोबांच्या जमिनीचा निजामकाळचा उर्दू उतारा होता. घरात कुणालाच वाचता येईना. तालुक्याच्या गावी एकाने पैसे घेऊन वाचून दिला आणि मराठीत लिहूनही दिला. त्यात मूळ मालकाचं नाव 'बाबाराव' आलं. आमचे पणजोबा 'नानाराव'. आता हे बाबाराव कोण, याच्यावर दोन वर्षं भाऊबंदकी पेटली. पुढं मी लिपी शिकले आणि मग कळलं काय झालं होतं ते. उर्दूत 'बाबा' आणि 'नाना' यांत फरक फक्त टिंबाचा. ठिपका अक्षराच्या खाली दिला की 'ब', वर दिला की 'न'. कारकुनाने घाईत लिहिताना ठिपके जागच्या जागी दिले नव्हते. एवढ्यावरून सख्खे चुलतभाऊ एकमेकांच्या बांधावर जायचे बंद झाले.

मला उर्दू लिपी कुणी शिकवली? उस्मानियात माझ्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीने. मी तिला मराठी बखरींतले उतारे समजावून सांगायची, ती मला रोज संध्याकाळी अर्धा तास उर्दू वाचायला लावायची. तीन महिन्यांत छापील वाचता यायला लागलं, हातचं वाचायला वर्ष गेलं. आणि ऐका, मराठी मुलाला हे वाटतं तितकं अवघड नाही. अर्ज, वारस, कब्जा, तक्रार, जमीन, जप्ती, वसूल, दफ्तर, तहसील, पंचनामा. हे शब्द तुमच्या आजीलाही येतात. लिपी तेवढी नवी असते, आत बसलेले शब्द ओळखीचे निघतात.

आपले कागद आपल्याला वाचता येत नसतील तर दुसरा वाचून दाखवेल त्यावर विश्वास ठेवावा लागतो. घरच्या जमिनीचं हे खरं आहे आणि सीमाप्रश्नाचंही. आपण मोर्चात जोरात बोलतो. पण १९५६ च्या आधी कुठल्या तालुक्यात कोण काय बोलत होतं, शाळा कुठल्या भाषेच्या होत्या, महसूल कुठं जमा होत होता, हे कागदावरून मांडणारे आपल्यात किती आहेत? घोषणा सगळ्यांना येते. पुरावा शोधणारा गावात एक तरी हवा.

दुसरं कारण, शेजाऱ्यांच्या भाषा.

सीमाभागातल्या मुलाला घरी नेहमी एक न्यूनगंड दिला जातो. तुझं मराठी शुद्ध नाही. पुण्याला गेलं की हसतात. तुझं कन्नडही धड नाही, बंगळूरला गेलं की हसतात. उस्मानियाच्या वसतिगृहात मला पहिल्यांदा कळलं की तीन भाषा मोडक्यातोडक्या येणं ही कमाई आहे. तिथं प्रत्येकालाच एकापेक्षा जास्त भाषा बोलाव्या लागतात. मेसमध्ये तेलुगू, रिक्षात दखनी, वर्गात इंग्रजी, फोनवर आईशी मराठी. सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत चार वेळा जीभ वळते, आणि कुणी त्याला अशुद्ध म्हणत नाही.

आपल्याकडं भाषेचा प्रश्न म्हणजे भांडण, एवढंच आपण शिकतो. माझ्या वर्गातल्या तेलुगू मुलांनाही तक्रारी होत्या. त्यांच्या आजोबांनाही उर्दू माध्यमाचा त्रास झाला होता. १९६९ ला आणि पुन्हा २००९ नंतर वेगळ्या तेलंगणाचं आंदोलन याच विद्यापीठाच्या आवारातून पेटलं. त्यांची बाजू ऐकताना मला आपली बाजू जास्त नीट मांडता यायला लागली. समोरच्याच्या भाषेत त्याच्याशी वाद घालता आला पाहिजे. नुसतं आपल्याच माणसांसमोर बोलून टाळ्या मिळतात, प्रश्न सुटत नाही.

तिसरं कारण, विषयांची रुंदी. इथं विज्ञानाची मुलं बसलीत, त्यांना वाटत असेल की बाई इतिहासाचीच आहे. तर ऐका. उस्मानियात खगोलशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. आपल्या देशात असे विभाग थोडे. निजामिया वेधशाळा १९१९ पासून विद्यापीठाकडं आली. पुढं शहराबाहेर रंगापूरला ४८ इंची दुर्बीण बसवली, १६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास सूर्यग्रहणाचा अभ्यास तिथं झाला. इंजिनिअरिंग कॉलेज १९२९ सालचं. अडोबी कंपनीचे प्रमुख म्हणून जगाला माहीत असलेले शंतनू नारायण इथले इंजिनिअर. आणि क्रिकेट बघणाऱ्यांनो, हर्षा भोगले. हैदराबादच्या मराठी घरातला मुलगा, केमिकल इंजिनिअरिंग त्याने इथंच केलं.

विद्यापीठाच्या भोवती काय आहे तेही बघा. तारनाका आणि हबशीगुड्याच्या रस्त्याने चालत गेलात तर राष्ट्रीय पोषण संस्था, भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था, पेशीजीवशास्त्राची सीसीएमबी, भूभौतिकीची एनजीआरआय, एकामागून एक लागतात. परकीय भाषा शिकायच्या तर इफ्लू विद्यापीठ भिंतीला भिंत लावून. एका ठिकाणी शिकायचं आणि चार ठिकाणची व्याख्यानं ऐकायची, उन्हाळ्यात प्रकल्पासाठी दार ठोठवायचं, हे लहान गावातल्या कॉलेजात होत नाही. जुन्या विद्यापीठाचा हा मोठा फायदा असतो. त्याच्या आसपास शंभर वर्षांत शिकणाऱ्यांची वस्ती तयार झालेली असते.

चौथं कारण अगदी साधं. अंतर आणि पैसा. बीदरहून बंगळूर जवळजवळ सातशे किलोमीटर, हैदराबाद दीडशेच्या आत. सकाळी निघालेली आई दुपारी तुमच्या खोलीवर डबा घेऊन येऊ शकते. एमजीबीएसला बसमधून उतरलात की मेट्रोच्या हिरव्या लाईनवर दुसरं स्टेशन नारायणगुडा. रेल्वेने काचीगुड्याला उतरलात तर विद्यापीठाची स्टेशनं त्याच लाईनवर, विद्यानगर, जामिया उस्मानिया, आर्ट्स कॉलेज. सरकारी विद्यापीठ असल्यामुळं नियमित अभ्यासक्रमांची फी खासगी कॉलेजांच्या मानाने कमी. ज्या बापाने दोन एकर विकून मुलाला खासगी इंजिनिअरिंगला घातलं, आणि तो मुलगा आता दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहितो, असा बाप तुमच्या गावात एक तरी असेल. त्याला विचारा, फी ही गोष्ट छोटी की मोठी.

मुलींसाठी थोडं वेगळं बोलते. 'एवढ्या मोठ्या शहरात पोरगी एकटी?' हा प्रश्न माझ्याही घरी आला होता. माझ्या वडिलांना मी एवढंच सांगितलं की या शहरात मुली शिकायला यायला लागून शंभर वर्षं होत आली. कोठीचं महिला कॉलेज १९२४ साली सुरू झालं, आता त्याचं स्वतंत्र महिला विद्यापीठ झालंय, चाकली इलम्मा यांच्या नावाचं. इथं नारायणगुड्यातच रेड्डी महिला कॉलेज १९५४ पासून आहे. पदवीसाठी तिथं आणि नंतर एम.ए., एम.एस्सी.साठी उस्मानियात, असंही अनेक जणी करतात. घरचे घाबरतात ते बहुतेक माहिती नसल्यामुळं. त्यांना एकदा इकडं आणा. आर्ट्स कॉलेजची ती गुलाबी दगडाची इमारत दाखवा, वसतिगृह दाखवा, वरच्या वर्गातल्या दोन मुलींशी बोलायला द्या. माझ्या वडिलांनी परतताना बसमध्ये बसून एवढंच विचारलं, 'मेसमध्ये ज्वारीची भाकरी मिळत नाही होय?' मी समजले, परवानगी मिळाली.

आता अडचणी. त्या लपवून तुम्हाला बोलावलं तर मी आणि जाहिरात यांत फरक काय?

प्रवेशाचा प्रश्न मोठा आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी सीपीजीईटी ही प्रवेश परीक्षा असते. बहुतांश जागा स्थानिक विद्यार्थ्यांसाठी असतात, आणि स्थानिक कोण हे तुम्ही शेवटची सलग वर्षं कुठं शिकलात यावर प्रामुख्याने ठरतं. आदिलाबाद-निजामाबादच्या मुलांना यात अडचण नाही. बीदर, नांदेड, लातूरच्या मुलांना उरलेल्या थोड्या जागांसाठी झगडावं लागतं. आपली भाषा मराठी आहे की तेलुगू हे तिथं कुणी विचारत नाही, शाळेचे दाखले विचारतात. नियम बदलत असतात, म्हणून ऐकीव माहितीवर विसंबू नका, त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. आणि जागा थोड्या आहेत म्हणजे तयारी जास्त लागेल एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी अडचण इंग्रजी. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची पहिली सहा महिने कोंडी होते. माझी झाली. वर्गात प्रश्न कळायचा, उत्तर मराठीत डोक्यात यायचं आणि तिथंच अडकायचं. यावर मला सापडलेला उपाय साधा होता. रोज एका विषयाची दोन पानं इंग्रजीत वाचायची आणि वहीत त्याच दोन पानांचा सारांश मराठीत लिहायचा. आधी विषय आपल्या भाषेत पक्का झाला की इंग्रजी मागून येते. उलटं केलं तर पाठांतर होतं आणि परीक्षेनंतर धुऊन जातं.

तिसरी अडचण, जुन्या विद्यापीठाची जुनी दुखणी. प्राध्यापकांच्या अनेक जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या आहेत. वसतिगृहात गर्दी असते. आंदोलनं होतात, वेळापत्रक मागं पडतं. तिथं कुणी हाताला धरून शिकवणार नाही. कोण चांगलं शिकवतं हे शोधून त्यांच्या मागं लागावं लागतं, ग्रंथालयात स्वतः जाऊन बसावं लागतं. ज्याला दट्ट्या लागतो त्याने विचार करून यावं. तसंच, तुम्हाला हवा तो विषय नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात किंवा गुलबर्ग्याला जास्त चांगला शिकवत असतील, तर तिकडं जा. घरात कमावणारे तुम्ही एकटेच असाल तर आधी घर बघा, शिक्षण दोन वर्षांनीही करता येतं. मी कुणाला ओढून आणायला उभी नाही.

आणखी एक गोष्ट, ती जिव्हारी लागणारी आहे. उस्मानियात मराठीचा विभाग आहे. एकेकाळी मराठवाड्यातली मुलं तिथं यायची, मोठमोठ्या अभ्यासकांनी तिथं शिकवलं. १९३१ साली याच शहरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, अध्यक्ष होते ज्ञानकोशकार केतकर. एवढी मुळं असलेल्या जागी आज मराठीचा बाक भरायला मुलं शोधावी लागतात. भाषेचे विभाग बंद पडतात तेव्हा आपण सरकारला शिव्या देतो. पण बाक रिकामा ठेवला कुणी? पाचशे-हजार मुलांची गरज नाही. दरवर्षी सीमाभागातून आठ-दहा मुलं-मुली आली, मराठी घेतलं, सोबत उर्दू किंवा तेलुगूची लिपी शिकली, तरी दहा वर्षांत प्रत्येक तालुक्याला एक जाणकार माणूस मिळेल. जुनं कागदपत्र वाचणारा, दोन भाषांत भाषांतर करणारा, न्यायालयात आणि वर्तमानपत्रात आपली बाजू नीट मांडणारा. त्यात पोट भरतं का? माझं भरतं. कामं इतकी येतात की मला नाही म्हणावं लागतं.

म्हणून शेवटी दोनच कामं सांगते, दोन्ही या महिन्यात करण्यासारखी आहेत.

पहिलं, घरी गेल्यावर जुनी ट्रंक उघडा. उर्दूतला, मोडीतला, फारसीतला जो कागद सापडेल त्याचा मोबाईलवर नीट फोटो काढा, मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, सुती कापडात कोरड्या जागी ठेवा. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, हा कशाचा आहे. जे सांगतील ते तारखेसकट लिहून ठेवा.

दुसरं, पदवीच्या शेवटच्या वर्षाला असाल तर येत्या प्रवेशाची माहितीपुस्तिका उतरवून घ्या आणि गटाने वाचा, एकट्याने नाही. एकट्याने वाचलं की 'आपल्याला जमणार नाही' या वाक्यावर माणूस लवकर येतो. चौघांनी वाचलं की त्यातला एक तरी म्हणतो, 'भरून तर बघू.' मी त्या एकाची वाट बघते आहे.

आता प्रश्न विचारा, आणि फीबद्दलचे आधी विचारा, लाजू नका.